ओढ्याचं घराणं

“धारूरला पूर? अगं, तिथं प्यायला तरी पाणी असतं का?”

मिनी प्रोजेक्टचा विषय जाहीर केला तेव्हा वर्गातून आलेली ही पहिली प्रतिक्रिया! मैत्रिणीला दोष देत नाही. बीड जिल्हा म्हटलं की पेपरात दुष्काळ, टँकर, ऊसतोड आणि राजकारण याशिवाय पाचवी गोष्ट सहसा येत नाही. (सीताफळं येतात, पण ती बाजारभावाच्या पानावर.) त्यामुळे ‘धारूर तालुक्यातील एका ओढ्याच्या पुराची वारंवारता’ हे शीर्षक आमच्या गाइड सरांनीसुद्धा दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मंडळी, मी टी.ई. सिव्हिलला. पहिलीपासून नन्सच्या शाळेत गेले, त्यामुळे मराठीत एवढा मोठा लेख आयुष्यात पहिल्यांदाच लिहिते आहे. ‘वारंवारता’ हा शब्द मला ‘फ्रीक्वेन्सी’पेक्षा अवघड वाटतो, हे आधीच सांगून टाकते. पण या प्रोजेक्टमधली निम्मी माहिती मला माझ्या आजीने दिली आणि ती इंग्रजी वाचत नाही. म्हणून हा लेख मराठी विभागात.

आधी जागा सांगते. धारूर हे बालाघाटच्या डोंगरावर वसलेलं गाव. किल्ला आहे, आदिलशाहीच्या काळात किश्वरखानाने बांधलेला. किल्ल्यापेक्षा सिव्हिलवाल्यांना महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा डोंगर पाण्याची वाटणी करतो. दक्षिणेच्या उतारावर पडलेला पाऊस मांजरा नदीला जातो, उत्तरेचा सिंदफणा वगैरे नद्यांमधून गोदावरीला. पुढे मांजरा लातूर, बिदर असा लांबचा फेरा घालून थेट तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब डोंगराच्या माथ्यावर वेगळे झाले, तर त्यांची भेट शेकडो किलोमीटरनंतर! माझं आजोळ उत्तरेच्या बाजूला, घाट उतरल्यावर लागणारं एक छोटं गाव. गावाच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये ओढा. ओढ्यावर नळकांडी पूल, म्हणजे सिमेंटचे पाइप टाकून वर केलेली फरशी. कठडा नाही. उन्हाळ्यात त्या पाइपांमध्ये शेळ्या बसतात.

आता पूर आणि दुष्काळ यांचं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, मिरजेहून, ‘जलदूत’ नावाच्या गाडीने. ते तुम्हाला आठवत असेल. कारण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. हे धरण आमच्या शेजारच्या केज तालुक्यात, धनेगावला. साधारण साडेपाच वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी त्याच धरणाचे सगळे, म्हणजे अठराही दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या गावांत पाणी शिरलं. बीड शहरातल्या बिंदुसरा नदीचं पात्र बाकी वर्षभर बघितलं तर हिला नदी का म्हणायचं असं वाटतं, पण २३ जुलै १९८९ च्या पुरात तिने वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, माणसं गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर सगळ्या मराठवाड्याची शेतं पाण्याखाली होती, ते ताजंच आहे. कोरडेपणा आणि पूर या उलट गोष्टी नाहीत, हे मला प्रोजेक्ट करताना समजलं. जिथे पाऊस कमी पडतो तिथे तो लहरीही असतो. वर्षाचा सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस कधी तीन महिन्यांत जिरत-मुरत पडतो, कधी त्यातला मोठा वाटा चार रात्रींत उतरतो.

आमच्या घरात या ओढ्याविषयी एक गोष्ट आहे. ७२ च्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यातली. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिचे धाकटे दीर, म्हणजे माझ्या आईचे काका, संध्याकाळी पलीकडच्या गावाहून येत होते. घाटात पाऊस झाला होता, गावात एक थेंबही नव्हता. अंधारात त्यांना वाटलं, पाणी गुडघाभर आहे. दुसऱ्या दिवशी ते दोन कोसांवर सापडले. त्या रात्री पाणी मारुतीच्या पाराच्या वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं. आजी अजून ती पायरी ओलांडताना तिला हात लावते.

मी आजीला विचारलं, “त्याच्या आधी कधी तिथवर पाणी आलं होतं का गं?”

“आमच्या सासूबाई म्हणायच्या, त्यांच्या सबंध हयातीत न्हाई आलं. अन् नंतर बी न्हाई. गेल्या साली आलतं, पर दोन पायऱ्या खाली राहिलं.”

आजीला माहीत नव्हतं, पण या तीन वाक्यांत तिने मला जे दिलं ते कुठल्याच कार्यालयात मिळालं नाही. मी आणि माझा पार्टनर एका कार्यालयात माहिती मागायला गेलो होतो. दोन तास बाकावर बसल्यावर उत्तर मिळालं, “मॅडम, ओढ्याची कुठं नोंद असते का?” उत्तर उद्धट होतं, पण खरं होतं. नोंदी असतात गोदावरीच्या, मांजरेच्या, धरणांच्या. गावाला तोडणारा, पोराला शाळेत जाऊ न देणारा ओढा मात्र कुणीच मोजत नाही.

मग न मोजलेल्या ओढ्यावर पूल बांधायचा कसा? पुस्तकात सूत्रं आहेत. पाणलोट क्षेत्र टाका, पूर काढा. आमच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र नकाशावरून साधारण ३० चौरस किलोमीटर निघालं. डिकेन्सचं सूत्र लावलं. हे एकोणिसाव्या शतकातलं. त्यात एक गुणांक असतो आणि मध्य भारतासाठी तो १४ ते २८ च्या दरम्यान कुठेही घ्या असं पुस्तक सांगतं. १४ घेतला तर पूर १८० घनमीटर प्रति सेकंद, २८ घेतला तर ३६०. मग इंग्लिस साहेबांचं सूत्र लावलं. हे सर क्लॉड इंग्लिस म्हणजे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक, आपल्या मुंबई इलाख्यातल्या नद्यांवरच त्यांनी काम केलं. त्यांचं उत्तर ५८५! एकच ओढा, एकच कॅल्क्युलेटर आणि तीन उत्तरं, त्यातलं मोठं लहानाच्या तिपटीहून जास्त. इंग्लिसचं सूत्र सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी आहे, तिथल्या पावसाची आमच्याशी बरोबरी नाही, हे मान्य. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. यातलं एकही सूत्र हा पूर किती वर्षांतून एकदा येईल, ते सांगत नाही. नुसतंच ‘जास्तीत जास्त’. जास्तीत जास्त म्हणजे कधी? आजीच्या हयातीत की नातीच्या?

हा ‘कधी’चा प्रश्न ज्याने नीट सोडवला तो माणूस सिव्हिल इंजिनिअर नव्हता. एमिल गुंबेल, जर्मन गणिती. ओरलच्या आदल्या रात्री त्याच्या नावाचं कोष्टक आपण सगळेच पाठ करतो, पण त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खून होत होते. गुंबेलने ते मोजले. १९२२ च्या पुस्तकात त्याने मांडलं की उजव्या गटांनी ३५४ खून केले आणि डाव्यांनी २२, आणि कोर्टाने कुणाला किती शिक्षा दिली. आकडे छापल्याबद्दल त्याला त्रास झाला, १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून काढलं, मग फ्रान्स, मग अमेरिका. १९५८ मध्ये टोकाच्या घटनांच्या संख्याशास्त्रावरचं त्याचं मोठं पुस्तक आलं. दर वर्षीचा फक्त सर्वांत मोठा पूर घ्यायचा, बाकी सगळे सोडायचे, आणि त्या ‘सर्वांत मोठ्यां’चं वागणं अभ्यासायचं, ही पद्धत. मला हा माणूस आवडला. जे मोजलं जाऊ नये असं लोकांना वाटतं, ते मोजणारा.

गुंबेलची पद्धत लावायची तर किमान तीस-चाळीस वर्षांचे आकडे हवेत. ते असले तर ‘१०० वर्षांचा पूर’ काढता येतो. आणि हा शब्द म्हणजे सगळ्या गैरसमजांचं मूळ! मी तो आजोळी ओसरीवर उच्चारला मात्र, मामा लगेच म्हणाले, “म्हणजे ७३ साली येऊन गेला, आता २०७३ पर्यंत निवांत!”

मी आजीचा चिंचोक्यांचा डबा मागून घेतला. शंभर चिंचोके मोजले, एकाला कुंकू लावलं, सगळे पिशवीत टाकले. “मामा, दर पावसाळ्याला एक चिंचोका काढायचा. कुंकवाचा निघाला की तो मोठा पूर. मग तो परत पिशवीत टाकायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायचा.”

“परत कामून टाकायचा?” आजी.

“कारण पावसाला मागचं आठवत नाही गं.”

आजी त्यावर काही बोलली नाही. मामांनी मात्र तासभर चिंचोके काढले. दोन वेळा कुंकवाचा निघाला, त्यातला दुसरा पहिल्याच्या चौथ्या खेपेला. तुम्ही म्हणाल योगायोग. अगदी बरोबर, योगायोगच, आणि नेमका तसाच योगायोग नदीतही होतो. हिशेब असा : ज्या पुराची दर वर्षीची शक्यता शंभरात एक, तो पुढच्या ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात २६, ५० वर्षांत शंभरात जवळजवळ ४०. आणि पूर्ण शंभर वर्षांतही येईलच अशी खात्री नाही, शंभरात ६३. पूररेषा आखतात त्याही याच भाषेत. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० च्या. लाल रेषेच्या आत प्लॉट घेणाऱ्याला ‘शंभर वर्षांतून एकदा’ सांगण्याऐवजी ‘गृहकर्ज फिटेपर्यंत चारात एक’ असं सांगितलं तर तो नक्की थांबून विचार करेल, असं मला वाटतं.

असो. पण आपल्याकडे तीस वर्षांचे आकडे नाहीत, तीन दिवसांचेही नाहीत. इथे प्रोजेक्टचा खरा विषय सुरू होतो, आणि तो मला इतका आवडला की सबमिशन झाल्यावरही मी वाचत राहिले.

कल्पना साधी आहे. स्वतःकडे नसेल तर शेजाऱ्याकडून उसनं आणायचं. १९६० मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या डॅलरिम्पलने ही पद्धत सविस्तर मांडली. तो म्हणतो, प्रत्येक नदीच्या पुराचे दोन भाग पाडा. एक, तिचा नेहमीचा, सरासरी वार्षिक पूर. हा ज्याचा त्याचा. पाणलोट मोठं तर हा मोठा. दुसरा भाग म्हणजे प्रमाण. सरासरीच्या किती पट पूर २५ वर्षांतून येतो, किती पट १०० वर्षांतून येतो. हे प्रमाण मात्र एका प्रदेशातल्या सगळ्या नद्यांचं जवळपास सारखं असतं. घरात भावंडांची उंची वेगवेगळी असते, पण राग कसा येतो, किती वेळ टिकतो, ते सगळ्यांचं एकच. ‘घराण्याचं वळण’ म्हणतात ना, तसं. मग न मोजलेल्या ओढ्याची उंची तेवढी कशीतरी अंदाजायची आणि वळण घराण्याकडून घ्यायचं. वीस ठिकाणची तीस-तीस वर्षं एकत्र केली की सहाशे वर्षांची नोंद हाताशी येते!

पुढे १९९७ मध्ये हॉस्किंग आणि वॉलिस या आयबीएममधल्या दोघांनी याला पक्कं गणित दिलं. त्यांची जास्त शाबासकी मला एका गोष्टीसाठी द्यावीशी वाटते. त्यांनी सगळ्यात आधी प्रश्न विचारला की ही मंडळी खरंच एका घराण्यातली आहेत का? त्यासाठी चाचण्या दिल्या. एखादा सदस्य बाकीच्यांशी फटकून वागत असेल तर तो पकडायची एक, आणि सगळं घराणंच भेसळीचं आहे का हे बघायची दुसरी.

कारण नकाशावर शेजारी म्हणजे घराण्यात शेजारी असं नाही. केंद्रीय जल आयोग, रेल्वेची संशोधन संस्था, हवामान विभाग आणि रस्ते खातं यांनी मिळून लहान-मध्यम पाणलोटांसाठी देशाचे २६ उपविभाग पाडले आहेत. त्यात आपला ऊर्ध्व गोदावरी, क्रमांक ‘३-ई’. पण हीच गोदावरी जिथे उगम पावते त्या त्र्यंबकेश्वराला सह्याद्रीचा धो-धो पाऊस, आणि खाली बीडला येईपर्यंत बाभळी. सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्राकडून येणारे ढग डोंगराला अडून दर पावसाळ्यात भरपूर कोसळतात. तिथली नदी दर वर्षी रागावते, म्हणून तिचा शंभर वर्षांचा राग सरासरीच्या फार पुढे जात नाही. आमच्याकडचा मोठा पाऊस बहुधा दुसऱ्याच दिशेने येतो. बंगालच्या उपसागरात उठलेलं वादळ किंवा कमी दाबाचा पट्टा जमिनीवरून पश्चिमेला सरकत येतो, तोही पावसाळा संपता संपता. २०२१ मध्ये मांजरेचे दरवाजे उघडले ते ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसाने. निजामाच्या काळात, म्हणजे धारूर हैदराबाद संस्थानात असताना, मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसं मेली. त्यानंतर पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांना तिथे बोलावण्यात आलं. त्या पुराची तारीख २८ सप्टेंबर १९०८. मांजरेचीही २८ सप्टेंबर. तारीख जुळली हा योगायोग, महिना जुळला हा नाही. म्हणजे आमच्या ओढ्याचं घराणं नाशिकपेक्षा बिदर-हैदराबादकडे जास्त झुकतं, असं माझं मत झालं. अशा घराण्यात सरासरी पूर अगदी किरकोळ, शेळ्यांना पाणी पाजण्यापुरता, आणि मोठा आला की सरासरीच्या कितीतरी पट. जगभरात कोरड्या प्रदेशातल्या नद्यांचं हेच दिसतं. ‘दर वर्षी तर एवढंसं पाणी येतं’ असं बघून इथे पाइप टाकणारा माणूस घराण्याची चौकशी न करता सोयरीक जुळवतोय.

लहान ओढ्यांच्या नोंदी कुठेच नसल्यामुळे आम्ही पुराऐवजी पावसावर ही पद्धत लावली. बीडच्या अकरा तालुक्यांतल्या दर वर्षीच्या सर्वांत मोठ्या एका दिवसाच्या पावसाचे आकडे जमवले. धारूर हा तालुका म्हणून नवा, त्याची नोंद तोकडी, म्हणजे शेजाऱ्यांची गरज इथेही होतीच. पश्चिमेचे आष्टी-पाटोदा जास्त कोरडे, पूर्वेचे अंबाजोगाई-परळी जरा ओले. त्यांना एका पंक्तीत बसवायचं की नाही यावर आमचं दोघांचं होस्टेलच्या मेसमध्ये भांडण झालं. ‘फटकून वागणारा’ पकडायची चाचणी लावली तर एक ठिकाण लाल झालं. दिवसभर आम्ही डोंगर, उंची, वारा अशी कारणं शोधत होतो. शेवटी मूळ कागद पाहिला, तर कुणीतरी टाइप करताना दशांशचिन्ह खाल्लेलं, १२.४ चे १२४! चाचणीचा हाही उपयोग पुस्तकात लिहिला आहेच.

गावातल्या लोकांना एका दिवसाच्या पावसाचा एकच आकडा पाठ असतो, ६५ मिलिमीटर. मंडळात तेवढा पडला की अतिवृष्टी, मग पंचनामा. पण मंडळाचं पर्जन्यमापक गावात आणि पाऊस घाटात, असं झालं तर? मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३-७४. आईचे काका गेले त्या रात्रीही गावात थेंब नव्हता.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर वाटेल मी तिची जाहिरात करते आहे. सहाशे वर्षं जमली म्हटलं खरं, पण २०२५ च्या सप्टेंबरात सगळे तालुके एकाच वेळी भिजले. वीस शेजाऱ्यांनी एकाच चोराला पाहिलं, तर चोर वीस होत नाहीत. सहाशे वर्षांतली खरी, वेगळी माहिती त्याहून बरीच कमी. दुसरं म्हणजे अंदाज कमी पडला तर किंमत काय असते, हे गुजरातेतल्या मोरबीला विचारा. मच्छू-२ धरणाचा सांडवा सुमारे ५,६६३ घनमीटर प्रति सेकंदासाठी बांधला होता, ११ ऑगस्ट १९७९ ला आलं त्याच्या जवळजवळ तिप्पट. धरण फुटलं. आणि तिसरं, पिशवीतले चिंचोके. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे आपण चिंचोके काढत असताना कुणीतरी गुपचूप आणखी चिंचोक्यांना कुंकू लावतंय. गुंबेलचं कोष्टक मात्र पिशवी तीच आहे असं धरून चालतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाराची पायरी मोजायला गेलो. कॉलेजचं लेव्हल यंत्र बाहेर न्यायला परवानगी मिळाली नाही, म्हणून गावातल्या गवंड्याची पाण्याची नळी घेतली, तिने पायरीची उंची ओढ्यापलीकडे नेली. दोर, टेप आणि मामेबहीण यांच्या मदतीने पात्राचा छेद काढला. मग मॅनिंगचं सूत्र. त्यात पात्राचा खडबडीतपणा डोळ्याने ठरवायचा असतो. ०.०३५ धरला तर त्या रात्रीचा पूर ३७० घनमीटर, ०.०५ धरला तर २६०. गोटे, घाणेरीची झुडपं आणि वळण बघता मी मधला धरला. आता त्याच्या जोडीला आजीची तीन वाक्यं : १९७३ पासून त्या पायरीपर्यंत दुसऱ्यांदा पाणी नाही, आणि आधी एका सासूच्या हयातीतही नाही. अशी जुनी आठवण हिशेबात कशी घ्यायची याची रीतसर पद्धत आहे, तोंडी पुरावा म्हणून कुणी हसत नाही. शेजाऱ्यांकडून आणलेलं वळण आणि आजीची पायरी एका आलेखावर ठेवली, तेव्हा उत्तर आलं : असा पूर साठ ते दोनशे वर्षांतून एकदा.

“साठ का दोनशे?” मामा म्हणाले. “म्हणजे तुला बी माहीत न्हाई!”

“मामा, एकच आकडा सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. तो फक्त सांगत नाही.”

हे ऐकून मामा हसले, पण त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा होता. नवा पूल होणार असं दोन निवडणुका ऐकतायत. किती उंच मागायचा? गाव म्हणतं, पायरीच्या वर. मला विचाराल तर माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते ओसरीवर कुणाला फारसं आवडलं नाही. पायरीच्या वरचा पूल मागितला तर खर्च बघून फाइल पुन्हा कपाटात जाईल. मामेबहीण दहावीला आहे. गेल्या सप्टेंबरात तिची शाळा नऊ दिवस बुडाली, ती शंभर वर्षांच्या पुराने नाही, दर दोन-चार वर्षांनी येणाऱ्या पुराने. तेवढ्या पाण्याला पूल मोकळा राहिला तरी गावाचं निम्मं दुखणं जातं. मात्र मोठ्या पुरात तो बुडणार हे धरूनच बांधायचा, म्हणजे वाहून जाणार नाही असा. आणि बुडाला की किती बुडाला ते अंधारातही दिसलं पाहिजे. काकांना पुलाच्या उंचीने मारलं नाही, पाणी गुडघाभर आहे या समजुतीने मारलं.

म्हणून पूल येईल तेव्हा येईल, आम्ही तोवर एक लोखंडी पाइप घेतला, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे मारले, वर रिफ्लेक्टरची चिकटपट्टी लावली आणि फरशीच्या कडेला काँक्रीटमध्ये रोवला. मामांना एक दोनशे पानी वही दिली. तारीख, वेळ, पट्टीवरचा आकडा, घाटात पाऊस आहे की नाही. या जूनमध्ये त्यांचा पहिला मेसेज आला, “पट्टीवर ४०. सहा दहा. घाटात काळं आहे.” वीस मिनिटांनी दुसरा, “७०. आजी म्हणते फोटो काढ.” फोटोत पाणी कमी आणि आजीचा पदरच जास्त आला आहे, पण पट्टी दिसते.